अरेस्टेड डेव्हलपमेंटचा चौथा सीझन : मूळ कटच पाहा, आणि असा पाहा

26 मे 2013 रोजी नेटफ्लिक्सने 'अरेस्टेड डेव्हलपमेंट'चे पंधरा नवे भाग एकाच दिवशी प्रदर्शित केले. सात वर्षांपूर्वी बंद पडलेली मालिका परत आली होती, कलाकार तेच होते, निर्माता मिचेल हरविट्झ तोच होता, निवेदनाला दिग्दर्शक रॉन हॉवर्डचा तोच आवाज होता. तरीही जुन्या चाहत्यांपैकी कितीतरी जण दुसऱ्या-तिसऱ्या भागातच थांबले, आणि 'जुनी मजा राहिली नाही' हे वाक्य या सीझनला कायमचं चिकटलं.

जुनी मजा राहिली नाही हे खरंच आहे, कारण चौथ्या सीझनचं यंत्रच वेगळं आहे. ते कसं चालतं हे आधी समजून घेतलं, तर या पंधरा भागांत टीव्हीवरच्या विनोदी लेखनातला सर्वांत धाडसी प्रयोग दिसतो. म्हणून हा लेख: आधी काय पाहावं, कोणत्या क्रमाने पाहावं, कुठे कंटाळा येतो आणि का येतो, 2018 मध्ये नव्याने जुळवलेल्या आवृत्तीचं, म्हणजे रीमिक्सचं, काय करायचं. मोठी रहस्यं फोडलेली नाहीत. पहिल्या तीन सीझनमधल्या काही गोष्टी मात्र सांगाव्याच लागतात.

मालिका अजिबात ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत घरं बांधणाऱ्या ब्लूथ कुटुंबाचा प्रमुख जॉर्ज सीनियर आर्थिक घोटाळ्यात तुरुंगात जातो आणि त्यातल्या त्यात शहाणा मुलगा मायकल सगळ्यांना सांभाळायला मागे राहतो: आई ल्युसील, भाऊ जोब आणि बस्टर, बहीण लिंडसे, तिचा नवरा टोबायस, त्यांची मुलगी मेबी आणि स्वतःचा मुलगा जॉर्ज मायकल. फॉक्स वाहिनीवर 2 नोव्हेंबर 2003 ला सुरुवात झाली. पहिल्याच सीझनला 2004 चा सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार मिळाला, पण प्रेक्षकसंख्या कधी वाढलीच नाही. दुसऱ्या सीझनचे 22 चे 18 भाग झाले, तिसऱ्याचे 13. शेवटचे चार भाग फॉक्सने 10 फेब्रुवारी 2006 ला एकाच रात्री उरकले, तेही समोर तुरिनच्या हिवाळी ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा चालू असताना. एकूण 53 भाग, प्रत्येकी सुमारे 22 मिनिटांचे. डीव्हीडीवर आणि नंतर इंटरनेटवर मालिका वाढली ती यानंतर. आपल्याकडे नेटफ्लिक्स जानेवारी 2016 मध्ये आलं, त्यामुळे भारतातल्या अनेकांना ही मालिका मुळातच अखंड, एकापाठोपाठ एक अशी भेटली. खरं तर तीच तिची योग्य पद्धत आहे.

जुनं यंत्र

पहिल्या तीन सीझनमध्ये विनोद कशावर उभा होता? प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त माहीत असण्यावर. मायकल म्हणतो, 'वडिलांनी माझ्यापासून काही लपवलेलं नाही', आणि निवेदक तेवढ्याच शांतपणे सांगतो की लपवलं होतं. हसण्याच्या आवाजाचा ट्रॅक नाही, हातात धरलेला कॅमेरा माहितीपटासारखा फिरतो, आणि बावीस मिनिटांत नऊ जणांच्या नऊ भानगडी एकमेकींत अडकतात. आपल्याकडच्या फार्समध्ये कोणत्या दाराआड कोण लपलंय हे प्रेक्षकाला ठाऊक असतं आणि रंगमंचावरच्या माणसाला नसतं, तसाच हा खेळ.

याच्या जोडीला लांब पल्ल्याची पेरणी. बस्टरचं उदाहरण घ्या. दुसऱ्या सीझनमध्ये सील हा सागरी प्राणी त्याचा हात तोडतो. पण त्याआधी कित्येक भाग सूचना येत असतात. हाताच्या आकाराची जुनी खुर्ची पुन्हा सापडते तेव्हा तो म्हणतो की एका हाताची एवढी उणीव भासेल असं वाटलं नव्हतं. सैन्यातल्या अधिकाऱ्यांसाठीची जाहिरात असलेल्या बाकावर तो अशा जागी बसतो की उरलेली अक्षरं 'आर्म ऑफ' एवढीच दिसतात. त्याच्या भावाने, जोबने, जादूच्या प्रयोगासाठी आणलेला सील समुद्रात सोडून दिलेला असतो. पहिल्यांदा पाहताना यातलं जवळपास काहीच लक्षात येत नाही. दुसऱ्यांदा पाहताना सगळं दिसतं.

म्हणजे जुन्या मालिकेत विनोदाचे दोन थर होते. पहिला लगेच हसवायचा, दुसरा पुन्हा पाहणाऱ्यासाठी राखून ठेवलेला. चौथ्या सीझनने पहिला थर पातळ केला आणि दुसऱ्यावर जवळजवळ सगळा भार टाकला.

नवं यंत्र, आणि ते असं का बनलं

कारण साधं आणि व्यावहारिक होतं: तारखा. 2006 नंतर हे सगळे कलाकार मोठे झाले होते. विल आर्नेट 'अप ऑल नाइट' करत होता, टोनी हेल 'वीप'मध्ये होता, जेसन बेटमन आणि मायकल सेरा चित्रपटांत गुंतलेले. नऊ जणांना एकत्र महिनोन्‌महिने अडकवणं शक्यच नव्हतं. म्हणून हरविट्झने प्रत्येक भाग एकाच पात्राला दिला आणि तो कलाकार मोकळा असेल तेव्हा त्याचं चित्रीकरण केलं. सगळं कुटुंब एका खोलीत असलेले प्रसंग मोजकेच. त्यातला पेंटहाउसमधला मोठा प्रसंग पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या पात्राच्या बाजूने दिसत राहतो. जिथे माणसं जुळली नाहीत तिथे ग्रीन स्क्रीन वापरला. लक्ष देऊन पाहिलंत तर काही संवादांत दोघांच्या नजरा नीट जुळत नाहीत आणि मागच्या देखाव्यावरचा प्रकाश चेहऱ्यावरच्या प्रकाशाशी मेळ खात नाही. हे दोष खरे आहेत, ते झाकण्यात अर्थ नाही.

पण या अडचणीतून रचना उलटी झाली. आता पात्राला माहीत असतं, प्रेक्षकाला नसतं. पहिल्या भागात मायकल आईच्या रिकाम्या पेंटहाउसमध्ये शिरतो, एका खोलीचं दार उघडतो, आत जोब ओशाळलेला. आत आणखी कोण आहे ते आपल्याला दिसत नाही. जोब मायकलला विस्मरणाची गोळी देतो आणि प्रसंग संपतो. त्या क्षणी तुम्ही हसत नाही, 'हे काय होतं?' असं म्हणता. त्या दाराआड कोण होतं हे अकराव्या भागात कळतं, आणि तेव्हा हसू येतं ते दोन्ही प्रसंगांचं मिळून. फार्समधलं दार इथे प्रेक्षकाच्या तोंडावर बंद केलेलं आहे.

सगळे धागे एका रात्रीपाशी येऊन मिळतात. 4 मे 2012, 'सिंको दे क्वात्रो'. पाच मेच्या मेक्सिकन सणाचा ल्युसीलला राग, म्हणून तिने आदल्या दिवशी सुरू केलेला हा उत्सव. जवळजवळ प्रत्येक पात्राची गोष्ट आधीची काही वर्षं ओलांडून त्या रात्रीपर्यंत येते. त्यामुळे कॅलेंडर डोक्यात ठेवून पाहणं उपयोगाचं: हा प्रसंग सिंकोच्या आधीचा की त्याच रात्रीचा, एवढा एकच प्रश्न प्रत्येक वेळी विचारा. बाकी सालं आणि महिने विसरलात तरी चालेल.

आधी काय पाहून घ्यावं

उत्तम म्हणजे 53 भाग पूर्ण. साधारण वीस तासांचं काम आहे. ते जमणार नसेल तर एवढे भाग तरी पाहाच, कारण चौथा सीझन त्यांच्यावर थेट उभा आहे.

पहिल्या सीझनचा पहिला भाग आणि दुसरा, 'टॉप बनाना'. केळ्याच्या टपरीत पैसे असतातच, हे वडिलांचं वाक्य मायकलला उशिरा का कळतं ते तिथे आहे. त्याच सीझनचा दहावा, 'पिअर प्रेशर', मुलांना धडा शिकवायची ब्लूथ पद्धत समजण्यासाठी. दुसऱ्या सीझनमधला 'क्वीन फॉर अ डे', ज्यात शेजारीण ल्युसील ऑस्टेरो, म्हणजे 'ल्युसील टू', कंपनीचे शेअर घेते. चौथ्यात तिचं वजन एवढं का, हे इथून कळतं. 'सोर्ड ऑफ डेस्टिनी', कारण बेन स्टिलरचा जादूगार टोनी वंडर तिथे पहिल्यांदा येतो. 'मीट द व्हील्स', जॉर्ज मायकलची मैत्रीण अ‍ॅन आणि तिच्या धर्मनिष्ठ घरासाठी. तिसऱ्या सीझनमधला 'फरगेट-मी-नाऊ', त्या गोळ्यांसाठी. आणि शेवटचा 'डेव्हलपमेंट अरेस्टेड' तर चुकवूच नका, कारण त्यातली 'क्वीन मेरी' जहाजावरची मेजवानी जिथे संपते तिथूनच चौथा सीझन सुरू होतो.

वेळ उरला तर 'एस.ओ.बी.ज' पाहा. मालिका बंद होणार हे कळल्यावर लेखकांनी त्याच भागातून वाहिनीला आणि प्रेक्षकांना उघड साकडं घातलं आहे. संतापलेल्या लेखकांनी इतक्या सभ्य पद्धतीने सूड घेतलेला दुसरा नमुना मला माहीत नाही. दुसऱ्या सीझनमध्येही असंच एक जागेवरचं उत्तर आहे: फॉक्सने भाग कमी केल्यावर ब्लूथ कंपनीच्या घरांची ऑर्डर 22 वरून 18 वर येते.

तुमच्यासमोर कोणता कट आहे ते ओळखा

हे महत्त्वाचं, कारण इथे बरेच जण फसतात. 4 मे 2018 ला (तारीख मुद्दाम तीच) नेटफ्लिक्सने चौथा सीझन नव्याने जुळवून 'फेटफुल कॉन्सिक्वेन्सेस' या उपशीर्षकाने आणला. सीझन चार म्हणून तोच समोर ठेवला आणि मूळ कट 'ट्रेलर्स अँड मोअर' या विभागात हलवला. मूळ कटात 15 भाग आहेत, लांबी 28 ते 37 मिनिटं. रीमिक्समध्ये 22 भाग, साधारण 22 मिनिटांचे. यादीत 15 दिसले तर मूळ, 22 दिसले तर रीमिक्स. मूळ कटातल्या शीर्षकगीतात दर भागाला पात्राचं नाव बदलतं, हीसुद्धा खूण आहे.

सबटायटल इंग्रजी लावा, इंग्रजी सहज कळत असली तरी. निम्म्या कोट्या उच्चारात आणि स्पेलिंगमधल्या फरकात आहेत. मोठा पडदा शक्य असेल तर फोनवर पाहू नका. गाड्यांच्या नंबरप्लेट, पाट्या, बातम्यांच्या पट्ट्या, दुकानांची नावं यांत लेखकांनी भरपूर काही ठेवलंय आणि ते क्षणभरच दिसतं. टोबायस आयुष्याची नवी सुरुवात करायची म्हणून गाडीची खास नंबरप्लेट घेतो. त्यावर ते शब्द जागा न सोडता लिहिल्यावर काय वाचलं जातं, हे ऐकून कळणारच नाही.

आणखी एक गोष्ट दिसेल. जुन्या मालिकेतली दृश्यं दाखवताना पडद्यावर 'शोस्टीलर प्रो'च्या ट्रायल आवृत्तीचा शिक्का येतो. तुमची प्रत खराब नाही. ही मालिका एका कंपनीकडून दुसरीकडे गेली, त्यावरचा तो विनोद आहे, आणि तो सीझनभर चालतो.

पंधरा भाग

पहिला भाग मायकलचा आणि तो मुद्दाम अस्वस्थ करणारा आहे. जुन्या मालिकेत हा माणूस निदान आपल्या मुलाशी प्रामाणिक होता. इथे तो ल्युसील टूचं 7,00,000 डॉलर देणं लागतो, त्याची सडन व्हॅली ही वसाहत ओस पडलेली आहे आणि तो जॉर्ज मायकलच्या कॉलेजच्या खोलीत येऊन ठाण मांडून बसला आहे. खोलीतून कोणी बाहेर जायचं यासाठी चौघांचं मतदान होतं. तो प्रसंग खूप लांब आहे. जुन्या मालिकेत हे दीड मिनिटात संपलं असतं. इथेच पहिली गळती होते. तरी तो पूर्ण पाहा, कारण बाप-लेकाच्या नात्यातली तडा गेलेली जागा तीच आहे आणि पंधराव्या भागाचा शेवट थेट तिच्यावर आदळतो.

दुसरा भाग जॉर्ज सीनियरचा, आणि हा सीझनमधला सर्वांत मोठा क्रमदोष. मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधली जाणार, म्हणून तिथली जमीन विकत घेऊन सरकारला विकायची, हा त्याचा आणि ल्युसीलचा बेत. निवेदन भरमसाट, माहिती भरमसाट, हसू कमी. जॉर्ज सीनियर हे पात्र समोर मायकल असताना फुलतं. तुरुंगातल्या भेटी, माळ्यावर लपून बसणं, तिथे तो धमाल होता. वाळवंटात एकटा टाकल्यावर त्याच्याकडे प्रतिक्रिया द्यायला कुणी उरत नाही. सहाव्या भागातही हेच होतं. या दोन भागांत जमीन कोणाची, भिंतीच्या बाजूने कोण आणि हर्बर्ट लव्ह हा राजकारणी कोणाच्या खिशात, एवढं लक्षात ठेवा. बाकी सुटलं तरी चालेल. भिंतीचा मुद्दा 2013 मध्ये केवळ कथानकाची सोय होता. काही वर्षांनी अमेरिकेचं राजकारणच त्यावर फिरू लागलं, हे आता पाहताना वेगळंच वाटतं.

तिसरा, 'इंडियन टेकर्स', लिंडसेचा. ती आत्मशोधासाठी भारतात जाते. हा भारत सेटवरचा आहे: रंगीत कापडं, गर्दी, साधू, बस्स. भारतीय प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत खटकणार हे नक्की. पण लिंडसेच्या डोक्यातला भारतही नेमका एवढाच आहे, आणि थट्टा तिची चाललेली आहे. महागड्या हॉटेलात उतरून त्यागाची भाषा करणारी ही बाई देशाकडे पाहतच नाही. तिला तिथे भेटणारा साधू मात्र नीट पाहून ठेवा. त्याचा हिशेब बाराव्या भागात आहे. पोर्शिया द रॉसीला जुन्या मालिकेत कधी एवढी जागा मिळाली नव्हती आणि ती तिचं सोनं करते. शहामृगपालन करणारा, चेहरे ओळखू न शकणारा मार्की बार्क याच भागात येतो. पेंटहाउसमध्ये शहामृग दिसला तर गोंधळू नका, तो याच्याकडून आलाय.

चौथा भाग, 'द बी. टीम', सीझनला पहिल्यांदा वेग देतो. मायकल ब्लूथ कुटुंबावर चित्रपट काढायच्या खटपटीत रॉन हॉवर्डसमोर जाऊन बसतो. जो माणूस दहा वर्षं निवेदन करतोय तोच पात्र म्हणून समोर येतो, आणि निवेदन चालूच राहतं. आयला फिशरची रेबेल ॲली इथे येते. तिच्यामुळे पुढे काय घडतं ते सांगत नाही.

टोबायसचे दोन्ही भाग, पाचवा आणि नववा, एका जोडीने पाहिले तर जास्त लागतात. स्वतःच्या बोलण्याचा अर्थ स्वतःलाच न कळणारा हा माणूस डेव्हिड क्रॉसने तसाच्या तसा परत आणलाय. मारिया बॅमफर्डची डीब्री ही या सीझनची सर्वांत चांगली नवी भर. 'फँटॅस्टिक फोर'च्या एका भिकार चित्रपटात काम केलेली, व्यसनात बुडालेली नटी. तिचं दुःख खरं आहे आणि तरी प्रसंग विनोदी राहतो. हा तोल सोपा नाही.

सातवा भाग, 'कॉलनी कोलॅप्स'. चौथा सीझन आवडेल की नाही ते इथे ठरतं. जोबचं अ‍ॅनशी लग्न, त्यातली फसलेली जादू, मग एका पोरसवदा पॉप गायकाच्या टोळक्यात शिरून स्वतःला विसरायची धडपड. दर वेळी वस्तुस्थिती अंगावर आली की कॅमेरा विल आर्नेटच्या चेहऱ्यावर थांबतो, सायमन-गार्फंकलचं 'द साउंड ऑफ सायलेन्स' वाजू लागतं आणि तो नुसता शून्यात पाहत राहतो. पहिल्यांदा हसू येतं, तिसऱ्यांदा वाट पाहायला लागतो, नंतर त्याची कीव येते. एकच पात्र अर्धा तास सलग दिसतं म्हणूनच हे जमतं. बावीस मिनिटांत नऊ जणांना वाटून दिलेल्या मालिकेत जोब इतका एकटा कधीच दिसला नसता. चौथ्या सीझनच्या रचनेसाठी माझा सर्वांत भक्कम पुरावा हाच भाग आहे.

आठवा ठीक. दहावा, 'क्वीन बी.', ल्युसीलचा एकमेव भाग, आणि जेसिका वॉल्टरला एकच भाग देणं ही मला या सीझनची सर्वांत मोठी कंजुषी वाटते. बोट चोरल्याबद्दल तिच्यावर खटला चालतो, कुटुंबातलं कोणीही साक्षीला येत नाही, आणि तिला ते लागतं. वॉल्टर एका भुवईत जे करते त्याला निवेदनाची गरज पडत नाही. तरुणपणीच्या ल्युसीलचं काम क्रिस्टन विगने आणि तरुण जॉर्जचं सेथ रोगनने केलंय. विगने आवाजाचा हेलही नेमका पकडला आहे.

अकराव्यापासून परतफेड सुरू होते. जोब आणि टोनी वंडर एकमेकांचा सूड घ्यायला निघतात आणि दोघांच्याही हातून सूड निसटतो. बाराव्यात मेबी: आई-वडिलांचं लक्ष जातंय का पाहण्यासाठी ती शाळेच्या शेवटच्या वर्गात वर्षानुवर्षं बसून राहते, आणि त्यांचं लक्ष जातच नाही. तेराव्यात जॉर्ज मायकलचं 'फेकब्लॉक'. जगाला ते गोपनीयता राखणारं क्रांतिकारी सॉफ्टवेअर वाटतं, असतं ते लाकडी ठोकळ्याचा आवाज काढणारं साधं अ‍ॅप. खोटं न बोलणारा मुलगा पहिल्यांदा खोटं बोलतो, आणि त्याला ते जमतं. बापाची लक्षणं मुलात उतरताना पाहणं मायकल सेराने फार बारकाईने केलंय. खांदे, चालणं, वाक्याच्या मध्येच थांबणं, सगळं हळूहळू जेसन बेटमनसारखं होत जातं. चौदावा बस्टरचा, टोनी हेलसाठी पाहायचा. पंधरावा एका ठोशावर संपतो आणि पडदा पडतो. प्रेक्षकांना त्यापुढचं पाहायला पाच वर्षं थांबावं लागलं.

एका बैठकीत किती पाहावेत? पहिले चार एकदम. दोनवर थांबलात तर परत येणार नाही. मग पाच ते सात. आठ ते अकरा. शेवटचे चार पुन्हा एकदम, कारण त्यांच्यात उत्तरं एकमेकांवर रचलेली आहेत. दोन बैठकांमध्ये आठवड्याहून जास्त अंतर पडू देऊ नका. कोणत्या प्रसंगात कोण दाराबाहेर होतं हे विसरलात की पुढचा विनोद नुसता योगायोग वाटतो. हरविट्झने सुरुवातीला हे भाग कोणत्याही क्रमाने पाहता यावेत असा विचार मांडला होता, पण प्रदर्शनाच्या वेळी त्यानेच क्रमाने पाहा असं सांगितलं. क्रम मोडू नका. पंधरावा संपल्यावर लगेच पहिला भाग पुन्हा लावा. पहिल्या खेपेला जिथे नुसता गोंधळ होता तिथे मागून जाणारी माणसं, आवाज, वस्तू, सगळ्यांची ओळख पटते.

रीमिक्समध्ये काय बिघडतं

रीमिक्सने तेच चित्रीकरण घेऊन घटना जवळजवळ घडल्या त्या क्रमाने लावल्या आणि प्रत्येक भागात सगळी पात्रं फिरती ठेवली. कागदावर हा जुन्या मालिकेकडे परतीचा रस्ता आहे. प्रत्यक्षात दोन गोष्टी होतात. एक, प्रसंग मुळात एका पात्राच्या नजरेने लिहिलेले आणि चित्रित केलेले असल्याने ते तोडून शेजारी लावले की सांधा दिसतो. तो बुजवायला नवं निवेदन रेकॉर्ड करून घातलं आहे आणि ते सतत आठवण करून देत राहतं: हे कधी घडलं, कोण कुठे होतं. दोन, उत्तर आधी कळतं. दाराआड कोण आहे हे माहीत असताना त्या दारासमोर घालवलेला वेळ विनाकारण लांबलेला वाटतो, कारण तो प्रसंग न सांगण्यासाठीच रचलेला होता. 'कॉलनी कोलॅप्स'चे तर तुकडे होतात. जोबची शून्यातली नजर चार ठिकाणी विखुरली की ती एक सवय उरते.

तरी रीमिक्स निरुपयोगी नाही. मूळ कट पाहून झाल्यावर घटनाक्रम पक्का करायचा असेल, किंवा पाचवा सीझन सुरू करण्याआधी उजळणी हवी असेल, तर तो सोयीचा आहे. ज्यांना जॉर्ज सीनियरचे भाग झेपत नाहीत त्यांना तो कथाभाग इथे लहान तुकड्यांत मिळतो आणि तेवढ्यापुरता खरोखर सुधारतो.

पाचव्या सीझनचे 16 भाग दोन हप्त्यांत आले: पहिले आठ 29 मे 2018 ला, उरलेले आठ 15 मार्च 2019 ला. यात कुटुंब पुन्हा बरंच एकत्र दिसतं, भाग आटोपशीर आहेत, आणि ल्युसील टूच्या बेपत्ता होण्याचं रहस्य मध्यभागी आहे. पहिले आठ मला घाईचे वाटतात. चौथ्याने सोडलेल्या गाठी सोडवण्यात त्यांचा निम्मा वेळ जातो. दुसरा हप्ता जास्त बांधीव आहे, विशेषतः बस्टरचा धागा. ते आठ सलग पाहा, आणि शेवटच्या भागाआधी चौथ्या सीझनचा चौदावा पुन्हा एकदा चाळून घ्या.